उजेड पोचला की नाही? फोटो सेन्सर समजून घेताना

नाशिकच्या सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग, टायर, स्विचगिअर तयार होतात. दिंडोरी-निफाडकडे वळले की द्राक्षांची, टोमॅटोची, कांद्याची पॅकहाउसे लागतात. विंचूरला वाइन पार्क आहे. या कारखान्यांचा माल एकमेकांपासून कितीही वेगळा असला, तरी चालत्या पट्ट्याच्या कडेला एक वस्तू बहुतेक ठिकाणी दिसते. काडेपेटीएवढी चौकोनी किंवा अंगठ्याएवढी गोल डबी, पुढे काच, मागे केबल, अंगावर दोन बारीक दिवे. कामगार तिला नुसते ‘फोटो सेन्सर’ म्हणतात.

खोके आले का, बाटली जागेवर आहे का, लेबल कुठे सुरू होते, प्रेसखाली कोणाचा हात आहे का, या सगळ्यांची उत्तरे ही डबी देते असे आपण मानतो. प्रत्यक्षात तिला खोके ठाऊक नसते, बाटली नसते आणि हातही नसतो. तिला एकच गोष्ट कळते: उजेड पोचला की नाही. बाकी सगळा अर्थ आपण लावलेला असतो. म्हणून सेन्सर निवडताना तो किती लांबचे बघतो एवढेच विचारून भागत नाही. तो चुकला तर कोणत्या बाजूला चुकेल, हे आधी विचारावे लागते. कारण प्रत्येक मांडणीची चुकण्याची बाजू ठरलेली असते आणि ती आधीच ओळखता येते.

डबीच्या आत काय असते?

आत उजेड टाकणारा एक एलईडी असतो आणि उजेड टिपणारा एक फोटोडायोड किंवा फोटोट्रान्झिस्टर. दोघांच्या पुढे भिंगे. एलईडी बहुतेक वेळा लाल असतो, तरंगलांबी साधारण ६३० ते ६६० नॅनोमीटर. नाहीतर डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, ८५० ते ९४० नॅनोमीटरचा. लाल उजेडाचा ठिपका दिसतो, त्यामुळे सेन्सर बसवणाऱ्याचे काम सोपे होते. अवरक्त उजेडाला सहसा जास्त ताकद देता येते, म्हणून लांब अंतर आणि धुळीची जागा असेल तर तो बरा.

प्रकाशाने वीज हलते हे हाइनरिख हर्ट्झ यांच्या प्रयोगांत १८८७ मध्ये दिसले. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये त्याचा उलगडा केला: प्रकाश ठरावीक ऊर्जेच्या पुड्यांनी येतो आणि एक पुडी एका इलेक्ट्रॉनला धक्का देते. १९२१चे नोबेल त्यांना मुख्यतः याच कामासाठी मिळाले. जुन्या काचेच्या फोटोट्यूबमध्ये हा इलेक्ट्रॉन धातूच्या पृष्ठभागावरून बाहेर पडत असे. आजच्या सेन्सरमध्ये तो सिलिकॉनच्या आतच मोकळा होतो आणि त्याचा प्रवाह बनतो. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मोकळा करायला सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. लाल उजेडाच्या पुडीत ती सुमारे १.९ असते, ९४० नॅनोमीटरच्या अवरक्तात सुमारे १.३. म्हणून दोन्ही चालतात.

आता खरी अडचण. शेडमध्ये ट्यूबलाइट असतात, शटरमधून ऊन येते, वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात. या गर्दीत आपलाच उजेड ओळखायचा कसा? त्यासाठी एलईडी सतत पेटता ठेवत नाहीत. तो सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतो आणि टिपणारी बाजू त्याच तालात येणारा उजेड तेवढा मोजते. ऊन स्थिर असते, ५० हर्ट्झच्या विजेवरचा जुना दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. दोन्ही गाळून टाकता येतात. शिवाय ताल ठरवून एलईडी क्षणभरच पेटवल्यामुळे तो तापत नाही आणि त्या क्षणी त्याला भरपूर ताकद देता येते.

यालाही मर्यादा आहे. भर दुपारचे ऊन १ लाख लक्सच्या घरात जाते, तर बऱ्याच सेन्सरच्या माहितीपत्रकात १० ते २० हजार लक्सपर्यंतच हमी असते. त्यापलीकडे टिपणारा डायोड उन्हानेच भरून जातो आणि ताल ऐकू येईनासा होतो. पश्चिमेला शटर असलेल्या शेडमध्ये संध्याकाळी ठरावीक वेळीच लाइन थांबत असेल, तर मेंटेनन्सवाल्याने पॅनेल उघडण्याआधी सूर्य कुठे आहे ते बघावे.

शेवटची पायरी निर्णयाची. आलेला उजेड ठरवलेल्या पातळीच्या वर गेला की आउटपुट बदलते. तो पुन्हा थोडा जास्तच खाली आल्याशिवाय ते परत फिरत नाही. चालू होण्याची आणि बंद होण्याची पातळी मुद्दाम वेगळी ठेवलेली असते. नाहीतर काठावर थरथरणाऱ्या मालामुळे सेन्सर सारखा चालू-बंद होत राहील.

तीन मांडण्या

पहिली मांडणी समोरासमोरची. एका डबीतून उजेड निघतो, पट्ट्यापलीकडच्या दुसऱ्या डबीत पोचतो. माल मध्ये आला की उजेड तुटतो. ही सगळ्यात दणकट पद्धत. दहा-वीस मीटर अंतर सहज मिळते. मालाचा रंग, चकाकी, आकार यांनी फरक पडत नाही. खर्च आणि कष्ट मात्र दुप्पट, कारण दोन्ही बाजूंना केबल न्यावी लागते आणि दोघांची नजर जुळवावी लागते.

दुसरी मांडणी रिफ्लेक्टरची. दोन्ही भाग एकाच डबीत, समोर फक्त प्लास्टिकचा रिफ्लेक्टर. सायकलच्या मागच्या लाल रिफ्लेक्टरसारखीच त्याची रचना: काटकोनात भेटणाऱ्या तीन पृष्ठांचे बारीक कोपरे. त्यांवर पडलेला उजेड जिथून आला तिथेच परत जातो, म्हणून रिफ्लेक्टर थोडा तिरका बसला तरी चालते. अडचण येते चकचकीत मालाची. स्टीलचा डबा पट्ट्यावरून आला, तर तोही आरशासारखा उजेड परतवतो आणि सेन्सरला वाटते की समोर रिफ्लेक्टरच आहे, वाट मोकळी आहे. यावर उपाय ध्रुवीकरणाच्या फिल्टरचा. निघणारा उजेड एकाच दिशेत कंप पावतो. रिफ्लेक्टरच्या कोपऱ्यांत तीनदा उलटताना ती दिशा बदलते, सपाट चकचकीत धातूवरून मात्र उजेड तसाच परत येतो. टिपणाऱ्या भिंगापुढचा फिल्टर फक्त दिशा बदललेला उजेड आत घेतो. पारदर्शक फिल्मने गुंडाळलेले पॅलेट कधीकधी यालाही फसवते, कारण ताणलेली फिल्म ध्रुवीकरणाची दिशा बिघडवते.

तिसऱ्या मांडणीत समोर काहीच नसते. सेन्सर उजेड टाकतो आणि मालावरून विखरून परत आलेला उजेड टिपतो. बसवायला सोपी, स्वस्त, म्हणून सर्रास वापरली जाते. पण पांढरे खोके लांबून दिसते आणि काळे रबर जवळ येईपर्यंत दिसत नाही. एकाच पट्ट्यावर दोन्ही येणार असतील, तर एकासाठी लावलेली पातळी दुसऱ्याला चालत नाही. शिवाय मालामागची चकाकती भिंतही दिसते. त्यावर ‘मागचे न बघणारा’ प्रकार निघाला. त्यात परत आलेला उजेड किती यापेक्षा तो कोणत्या कोनातून आला हे मोजतात. जवळच्या वस्तूवरून येणारा उजेड भिंगातून एका जागी पडतो, लांबच्या वस्तूवरून येणारा दुसऱ्या जागी. त्यामुळे ठरवलेल्या अंतराच्या पलीकडचे सगळे सोडून देता येते आणि रंगाचा परिणाम खूप कमी होतो.

याखेरीज उजेड जाऊन यायला लागणाऱ्या वेळेवरून अंतर काढणारे लेसर सेन्सर असतात. उजेड एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे आतले घड्याळ फार चपळ लागते. चिंचोळ्या किंवा फार गरम जागेसाठी फायबरच्या केबलने उजेड नेतात, वेष्टनावरची छापील खूण ओळखायला रंगातला फरक बघणारे सेन्सर लावतात. आडनावे बदलतात, घराणे तेच.

रिकामी बाटली का दिसत नाही?

वाइनच्या लाइनवर सगळ्यात अवघड प्रश्न रिकाम्या पारदर्शक बाटलीचा. काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून साधारण ४ टक्के उजेड परततो, बाकीचा पार जातो. रिकाम्या बाटलीला दोन भिंती, म्हणजे चार पृष्ठे. हिशेब केला तर एका फेरीत सुमारे ८५ टक्के उजेड पलीकडे निघतो. रिफ्लेक्टर लावला असेल तर तोच उजेड परतताना पुन्हा बाटलीतून जातो आणि सुमारे ७२ टक्के उरतो. बाटलीच्या गोलाईमुळे थोडा उजेड वाकून बाजूला जातो, तेवढी भर.

नेहमीचा सेन्सर उजेड बराच घटल्याशिवाय ‘वाट अडली’ म्हणत नाही. १०० चे ७२ झाले, याची तो दखलही घेत नाही. म्हणून काचेसाठी वेगळे सेन्सर बनवतात. ते १० ते २० टक्के घटीवरच हलतात. पण आता एक नवे दुखणे उभे राहते. लाइनवर पाण्याचे तुषार उडाले, भिंगावर पातळ थर बसला, की उजेड तेवढाच कमी होतो. सेन्सरला बाटली आणि घाण यांतला फरक कळत नाही. त्यामुळे या जातीचे चांगले सेन्सर मधल्या मोकळ्या वेळेत किती उजेड येतो ते सतत बघत राहतात आणि आपली पातळी हळूहळू खाली सरकवतात. बाटली येते-जाते क्षणात, थर बसायला दिवस लागतात. एवढ्यावरून ते दोघांना वेगळे करतात.

चूक कोणत्या बाजूची?

कांद्याच्या प्रतवारीच्या शेडमध्ये साले उडत असतात. समजा पट्ट्याच्या टोकाला क्रेट आला की पट्टा थांबावा, यासाठी सेन्सर लावायचा आहे.

समोरासमोरची जोडी लावली आणि काचेवर साल चिकटली, तर उजेड तुटतो. सेन्सर म्हणतो ‘क्रेट आहे’, पट्टा विनाकारण थांबतो. ऑपरेटर वैतागतो, येतो, काच पुसतो, काम सुरू होते. आता तिसऱ्या मांडणीचा सेन्सर लावून बघा. धुळीने उजेड कमी झाला, तर तो म्हणतो ‘क्रेट नाही’. पट्टा चालूच राहतो आणि क्रेटवर क्रेट चढून कांदा खाली सांडतो. धूळ तीच, नुकसान निराळे. तार तुटली तरी हाच विचार करावा. आउटपुट उजेडावर चालू ठेवायचे की अंधारात, हे बहुतेक सेन्सरमध्ये निवडता येते. ‘वाट मोकळी आहे’ या स्थितीत आउटपुट चालू ठेवले, तर तार तुटल्यावर यंत्र थांबते. उलट ठेवले, तर तुटलेली तार आणि मोकळी वाट पीएलसीला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या नियंत्रकाला, एकसारखीच दिसते.

घाणीशी झुंज द्यायला राखीव उजेड लागतो. निर्णयाला पुरेल त्याच्या कितीपट उजेड पोचतो, हा आकडा माहितीपत्रकातल्या आलेखात दिलेला असतो. ढोबळ हिशेब असा: थोडी धूळ असेल तर पाचपट, बऱ्यापैकी असेल तर दहापट, फारच घाण जागा असेल तर पन्नासपट उजेड हाताशी असावा. ‘रेंज ४ मीटर’ असे छापलेले असले, तरी त्या टोकाला राखीव काहीच उरत नाही. चार मीटरचा सेन्सर दीड मीटरवर लावणे ही उधळपट्टी नव्हे.

द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये शत्रू वेगळा: दव. प्रीकूलिंगच्या थंड खोलीतल्या सेन्सरवर दार उघडताच बाहेरची दमट हवा येऊन काचेवर धुके धरते. पाणी आत शिरू न देणारे वेष्टन बाहेरच्या धुक्यावर काही करू शकत नाही. अशा जागी सेन्सर दारापासून आत घ्यावा, भरपूर राखीव उजेडाची समोरासमोरची जोडी लावावी किंवा काच किंचित गरम ठेवणारा प्रकार निवडावा.

वेगाचे गणित

पट्टा मिनिटाला ३० मीटर चालतो, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. ७५ मिलिमीटर व्यासाची बाटली सेन्सरसमोर १५० मिलिसेकंद राहते. दोन बाटल्यांत १० मिलिमीटरची फट असेल, तर ती २० मिलिसेकंदात निघून जाते. सेन्सर १ मिलिसेकंदात उत्तर देतो, त्यामुळे त्याला काही अडचण नाही. अडचण पुढे आहे. पीएलसी आपली सगळी यादी वाचून परत पहिल्या ओळीवर यायला समजा १० मिलिसेकंद घेतो. ३ मिलिमीटर रुंदीची छापील खूण ६ मिलिसेकंदांत जाते. सेन्सरने ती पाहिली, पीएलसीने पाहिलीच नाही, असे होऊ शकते. मग लेबल मधूनच तिरके बसते आणि दोष सेन्सरवर जातो. उपाय दोन: ती तार पीएलसीच्या वेगवान इनपुटला जोडणे, किंवा सेन्सरमध्येच आउटपुट थोडा जास्त वेळ धरून ठेवायची सोय वापरणे.

तारा आणि तपासणी

डीसी सेन्सर साधारण १० ते ३० व्होल्टवर चालतात, पॅनेलमध्ये २४ व्होल्ट असतात. तपकिरी तार प्लसला, निळी शून्याला, काळी आउटपुटची. चौथी पांढरी असली तर दुसरे आउटपुट किंवा सेटिंगसाठी. पीएनपी सेन्सर काळ्या तारेवर २४ व्होल्ट देतो, एनपीएन ती तार शून्याला जोडतो. पॅनेलचे शून्य अर्थिंगला जोडलेले असेल आणि साल निघालेली काळी तार यंत्राच्या अंगाला टेकली, तर एनपीएनमध्ये खोटा सिग्नल जातो, पीएनपीमध्ये जात नाही. चुकण्याची बाजू इथेही निवडता येते.

सेन्सर बिघडला असे वाटले तर क्रम साधा आहे. आधी काच आणि रिफ्लेक्टर मऊ ओल्या फडक्याने पुसावे. थिनर लावू नये, रिफ्लेक्टरचे प्लास्टिक त्याने तडकते. मग दिवे बघावेत: एक वीज आल्याचा, दुसरा आउटपुटचा. आउटपुटचा दिवा लुकलुकत असेल, तर उजेड काठावर आहे, नजर जुळवावी. अवरक्त एलईडी पेटतो का हे बऱ्याच मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून दिसते. मागच्या कॅमेऱ्यात अनेकदा फिल्टर असतो. शेजारी दोन जोड्या असतील, तर एकीचा उजेड दुसरीत जात नाही ना हे बघावे; एका जोडीची दिशा उलटी केली की हा घोळ बहुधा मिटतो. एवढे करूनही उत्तर मिळाले नाही, तरच नवा सेन्सर मागवावा.

हातापुढचा पडदा

वाहनांचे सुटे भाग म्हटले की पॉवर प्रेस आली. तिथे समोरासमोरच्या अनेक किरणांची भिंत उभी करतात. तिला लाइट कर्टन म्हणतात. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत एर्विन झिक यांनी ही कल्पना यंत्रांच्या सुरक्षेसाठी आणली. किरणांमधून बोट गेले की प्रेसला थांबायचा हुकूम जातो. साधा फोटो सेन्सर आणि हा पडदा यांत मोठा फरक आहे. पडद्याला दोन स्वतंत्र आउटपुटे असतात, तो स्वतःची तपासणी सतत करतो आणि त्याच्या आत काही बिघडले तरी उत्तर एकच देतो: थांबा. साध्या सेन्सरची एखादी चिप चालू स्थितीतच अडकली, तर तो सुरक्षित दिसत राहतो. म्हणून पैसे वाचवायला प्रेसपुढे दोन-तीन साधे सेन्सर लावणे म्हणजे सुरक्षेचा नुसता देखावा.

पडदा किती लांब बसवायचा, याचे गणित आंतरराष्ट्रीय मानकात आहे. हात सेकंदाला २ मीटर वेगाने येतो असे धरतात. किरण तुटल्यापासून प्रेस पूर्ण थांबेपर्यंत ०.२ सेकंद लागत असेल, तर तेवढ्यात हात ४०० मिलिमीटर आत जातो. बोट ओळखणारा १४ मिलिमीटर बारकाईचा पडदा असेल, तर तो डायपासून किमान ४०० मिलिमीटरवर हवा. किरण विरळ असतील, तर आणखी मागे. ब्रेक झिजला, थांबायला ०.३ सेकंद लागू लागले, तर हेच अंतर बरेच वाढते. कालपर्यंत पुरेसा असलेला पडदा आज अपुरा ठरतो. म्हणून थांबण्याचा वेळ ठरावीक काळाने मोजलाच पाहिजे.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. जुन्या की-क्लचच्या प्रेस एकदा सुटल्या की फेरी पूर्ण केल्याशिवाय थांबत नाहीत. पडद्याने ‘थांब’ म्हटले तरी त्यांना ऐकता येत नाही. अशा प्रेसवर पडदा निरुपयोगी. तिथे बोट आतच जाणार नाही असा जाळीचा आडोसा लागतो. यंत्राच्या धोकादायक भागांना आडोसा घालण्याची सक्ती १९४८च्या कारखाने अधिनियमातच, कलम २१ मध्ये, आली होती. सेन्सर आले म्हणून ती गरज संपलेली नाही.

तेव्हा सेन्सर मागवताना दुकानदाराला रेंज आणि किंमत विचाराच, पण त्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. काच घाण झाली तर यंत्र काय समजेल? तार तुटली तर काय समजेल? आणि ती समजूत मला परवडेल का? पट्ट्यावरच्या क्रेटसाठी उत्तर थोडे इकडेतिकडे झाले तर कांदा सांडेल, भरून घेता येईल. प्रेसपुढचा पडदा उत्पादन वाढवायला बायपास केला, तर जाते ते कामगाराचे बोट. ज्या कारखान्यात पडद्याच्या बायपासची किल्ली ऑपरेटरच्या खिशात असते, तिथे ती आजच काढून घ्यावी.